बोटावरचा चिमटा किती खरे बोलतो?



१५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. करोनाच्या साथीचे ते दिवस होते. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघर जात. त्यांच्याजवळ दोन उपकरणे असत. एक म्हणजे कपाळासमोर धरायचा तापमापक आणि दुसरे म्हणजे बोटाला लावायचा एक छोटासा चिमटा. या चिमट्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. बोट आत घातले की थोड्या वेळात ‘९७’ किंवा ‘९३’ असा आकडा दिसतो. रक्तातील हीमोग्लोबिनपैकी शेकडा किती भागाने ऑक्सिजन धरला आहे, ते हा आकडा सांगतो.

आता सालेकसा तालुक्यातले जंगलाच्या कडेचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे. घरातल्या आजारी माणसाला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे आशाताईंना ठरवायचे आहे. चिमटा ९४ दाखवतो. हा ९४ खरोखर ९४ आहे, की ९१ आहे? गाडी बोलवायची की नाही, हे या तीन अंकांवर ठरू शकते. म्हणून हे यंत्र मोजते कसे, ते चुकते कोठे आणि त्याची अचूकता कशी वाढवता येते, हे आज आपण पाहू या. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेतल्या पुस्तकापलीकडे फारसे जात नाही.

दोन रंगांची युक्ती

अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोट ठेवा. बोट लालभडक दिसेल. विजेरीचा प्रकाश पांढरा असतो. त्यातला हिरवा-निळा भाग रक्त आणि इतर ऊती शोषून घेतात. लाल भाग बराचसा पार होतो. ऑक्सिमीटर याच गुणधर्माचा उपयोग करतो.

ऑक्सिजनयुक्त रक्त लालभडक असते, तर ऑक्सिजन सोडून दिलेले रक्त काळसर लाल असते. याचा अर्थ, लाल प्रकाश दुसऱ्या रक्तात अधिक शोषला जातो. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचे शोषण ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन सुमारे दहापट अधिक करते. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात परिस्थिती उलटी होते. तेथे ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनच अधिक शोषण करते. सोयीसाठी गोल आकडे घेऊ:

लाल (६६०): ऑक्सिजनविरहित ३२००, ऑक्सिजनयुक्त ३२०.
अवरक्त (९४०): ऑक्सिजनविरहित ६९०, ऑक्सिजनयुक्त १२१०.

चिमट्याच्या एका जबड्यात या दोन रंगांचे दोन इवलेसे दिवे, म्हणजे प्रकाश देणारे डायोड, असतात. दुसऱ्या जबड्यात प्रकाशसंवेदक असतो. दिवे आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात. मध्ये एक क्षण दोन्ही दिवे बंद असतात. त्या क्षणी संवेदकावर जो प्रकाश पडतो तो खोलीतला किंवा उन्हाचा असतो. यंत्र तेवढा प्रकाश मोजून वजा करते.

पण बोटात केवळ रक्त नसते. कातडी, हाड, स्नायू, नख हे सारेच थोडा थोडा प्रकाश शोषतात. शिवाय रक्तही दोन प्रकारचे असते. हृदयाकडून येणारे रक्त धमन्यांत असते आणि हृदयाकडे परत जाणारे नीलांत असते. आपल्याला फक्त धमनीतले रक्त मोजायचे आहे. ते वेगळे कसे काढायचे?

उपद्रवातून निघालेला उपाय

या प्रश्नाचे उत्तर जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी शोधून काढले. ते मुळात वेगळ्याच कामात गुंतले होते. रक्तात एक रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते त्यांना मोजायचे होते. पण प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाश कमीजास्त होई आणि आलेख थरथरे. ही थरथर घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरून ती छेदून टाकण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लक्षात आले की रक्तातील ऑक्सिजन बदलला की हा छेद नीट जमत नाही. सामान्य माणूस येथे वैतागला असता. आओयागी यांनी मात्र विचार उलटा फिरवला. ऑक्सिजनमुळे जर हिशेब बिघडतो, तर त्या बिघाडावरूनच ऑक्सिजन मोजता येईल! १९७४ साली त्यांनी ही पद्धत जपानमध्ये जाहीर केली. २०२० च्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे तत्त्व वापरणारे चिमटे जगभर घरोघर पोचत होते.

यातले मर्म असे. हृदयाचा ठोका पडला की धमनीत रक्ताचा थोडा जादा थर येतो आणि ओसरतो. हाड, कातडी, नीलेतले रक्त यांच्यात ठोक्याबरोबर बदल होत नाही. म्हणून पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशात दोन भाग दिसतात. एक स्थिर भाग आणि त्यावर स्वार झालेला छोटा कंपित भाग. कंपित भाग फक्त धमनीच्या रक्तामुळे येतो. तो स्थिर भागाच्या शेकडा एकदोन इतकाच असतो.

समजा, लाल प्रकाशाचा स्थिर भाग १००० एकके आणि कंपित भाग १० एकके आहे. भागाकार ०.०१. अवरक्त प्रकाशाचा स्थिर भाग १५०० आणि कंपित भाग ३०. भागाकार ०.०२. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा:

गुणोत्तर = ०.०१ ÷ ०.०२ = ०.५

रक्ताचा जादा थर किती जाडीचा होता, हे आपल्याला ठाऊक नाही. पण तो दोन्ही रंगांना सारखाच होता, म्हणून भागाकारात त्याची जाडी छेदली जाते. उरते फक्त रक्ताच्या रंगाची बातमी. पाठ्यपुस्तकांत यासाठी एक सोपे, अंदाजी सूत्र दिलेले असते:

ऑक्सिजनची टक्केवारी = ११० − (२५ × गुणोत्तर)

गुणोत्तर ०.५ असेल तर उत्तर ९७.५ येते. ०.८ असेल तर ९०. आणि १ असेल तर ८५.

११० आणि २५ आले कोठून?

चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील, की हे दोन आकडे कोणत्या नियमातून निघाले? प्रश्न रास्त आहे. आपणच ताळा करून पाहू. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनचा अंश ‘क्ष’ माना. लाल प्रकाशाचे शोषण ३२००(१ − क्ष) + ३२०क्ष, म्हणजे ३२०० − २८८०क्ष होईल. अवरक्ताचे शोषण ६९०(१ − क्ष) + १२१०क्ष, म्हणजे ६९० + ५२०क्ष होईल. गुणोत्तर १ असेल तर दोन्ही समान:

३२०० − २८८०क्ष = ६९० + ५२०क्ष
२५१० = ३४००क्ष
क्ष = ०.७४ (सुमारे)

नियमाप्रमाणे ७४ टक्के, आणि यंत्राच्या सूत्राप्रमाणे ८५ टक्के! कोण खरे? धमनीतून प्रत्यक्ष रक्त काढून प्रयोगशाळेत तपासले तर ८५ च्या जवळचा आकडा येतो. मग नियम खोटा आहे काय? नाही. लँबर्ट-बियर नियम स्वच्छ द्रावणातून सरळ जाणाऱ्या प्रकाशासाठी आहे. बोटात प्रकाश सरळ जात नाही. तो पेशींवर आपटत, वाकडातिकडा भटकत पलीकडे पोचतो. याला प्रकीर्णन म्हणतात. लाल आणि अवरक्त प्रकाशाची भटकंती सारख्या लांबीची नसते, म्हणून सरळ गणित फसते.

तेव्हा कारखानदार काय करतात? निरोगी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी ऑक्सिजन असलेली हवा देतात. रक्तातील ऑक्सिजन पायरीपायरीने ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात. प्रत्येक पायरीला धमनीतून रक्त काढून अचूक यंत्रावर तपासतात आणि त्या वेळी चिमट्याचे गुणोत्तर किती होते ते लिहून ठेवतात. यातून एक तक्ता तयार होतो. तोच चिमट्याच्या पोटात भरलेला असतो. याला कॅलिब्रेशन किंवा अंशांकन म्हणतात. ७० च्या खाली उतरणे स्वयंसेवकाच्या जिवाला धोक्याचे असते, म्हणून त्याखालचे आकडे केवळ आलेख पुढे ओढून काढलेले असतात. त्यांवर विसंबू नये.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या बोटावर दिसणारा आकडा शुद्ध नियमातून आलेला नसतो. तो दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत बसलेल्या काही माणसांच्या बोटांशी केलेली तुलना असते. मग ती माणसे कोण होती, हा प्रश्न भौतिकशास्त्राचाच होतो.

कातडीचा रंग आणि प्रकाशाचा हिशेब

वरवर पाहता कातडीच्या रंगाने काहीच बिघडू नये. समजा, सावळ्या कातडीने लाल प्रकाश निम्मा अडवला. स्थिर भाग १००० ऐवजी ५०० होईल, पण कंपित भागही १० ऐवजी ५ होईल. भागाकार पुन्हा ०.०१ च. म्हणजे रंग छेदला गेला!

पण प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. पहिली अशी की प्रत्येक संवेदकात थोडी निरर्थक खळबळ असते. ती १ एकक धरली तर १० एककांच्या संदेशात ती शेकडा १० होती, ५ एककांत ती शेकडा २० झाली.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. लाल डायोडचा प्रकाश नेमका ६६० नॅनोमीटरचा नसतो. तो आजूबाजूच्या वीस-तीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात पसरलेला असतो. कातडीला काळेपणा देणारे मेलॅनिन हे द्रव्य आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते. त्यामुळे पट्ट्यातील आखूड बाजू जास्त कापली जाते आणि रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश सरासरीने किंचित लांब तरंगलांबीचा होतो. तेथे ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिनचे शोषण कमी असते. परिणामी गुणोत्तर लहान येते आणि चिमटा खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवतो. रक्तात ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन जितके जास्त, तितकी ही चूक मोठी. म्हणजे आजार वाढतो तेव्हाच चूकही वाढते.

ही केवळ कागदी शंका नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली स्वयंसेवकांवर मोजमाप करून, ऑक्सिजन कमी असताना गडद कातडीवर चिमटे जादा आकडा दाखवतात, हे सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णालयांतील नोंदी तपासून आकडे प्रसिद्ध केले. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातील खरा आकडा ८८ च्या खाली असणे, हे गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत शेकडा ३.६ वेळा, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत शेकडा ११.७ वेळा आढळले. हे आकडे अमेरिकेतील रुग्णांचे आहेत. ते जसेच्या तसे सालेकसा भागाला लावता येणार नाहीत. पण त्यामागचा प्रकाशाचा नियम सर्वत्र एकच आहे आणि आपल्याकडे उन्हात धानाची रोवणी करणाऱ्या माणसांची कातडी गोरी नसते.

दोन प्रकारच्या चुका

प्रयोगवहीत तुम्ही एकच माप पाच वेळा घेऊन सरासरी काढता. का? कारण काही चुका कधी जादा, कधी उणे अशा पडतात. त्यांना यादृच्छिक चुका म्हणतात. सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. पण घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल तर ते शंभर वेळा पाहून सरासरी काढली तरी पाच मिनिटे पुढेच राहील. ही पद्धतशीर चूक. बोट हलणे, संवेदकातली खळबळ या गोष्टी पहिल्या प्रकारात मोडतात. कातडीच्या रंगाने होणारी चूक दुसऱ्या प्रकारातली आहे. ती शंभर वेळा मोजून जात नाही, अंशांकनच सुधारावे लागते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार किमान १० स्वयंसेवक पुरत होते. त्यांत गडद कातडीचे किमान २ जण किंवा एकूण संख्येच्या शेकडा १५ लोक असावेत, एवढीच अपेक्षा होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जो नवा मसुदा काढला, त्यात ही संख्या १५० किंवा अधिक करण्याची आणि कातडीचा रंग वंशावरून न ठरवता प्रत्यक्ष मोजून नोंदवण्याची सूचना आहे. दोन माणसांवरून सरासरी ठरवणे आणि अनेकांवरून ठरवणे, यातला फरक तुम्हाला सांगायला नको.

इतरही सुधारणा आहेत. डायोड बनवताना प्रत्येकाची तरंगलांबी थोडी वेगळी निघते. म्हणून रुग्णालयातील काही चिमट्यांत एक छोटा विद्युत रोधक बसवतात. रोधकाच्या किमतीवरून यंत्राला कळते की या चिमट्याचा लाल दिवा नेमका किती नॅनोमीटरचा आहे, आणि ते त्याप्रमाणे तक्ता निवडते. बोट हलले की नीलेतले रक्तही हिंदकळते आणि यंत्राला ते धमनीचे वाटते. ही भेसळ गणिताने वेगळी काढण्याच्या पद्धती १९८९ नंतर विकसित झाल्या. तिसरी वाट म्हणजे दोनाऐवजी अधिक तरंगलांबी वापरणे. १९७६ साली आलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या कानाच्या ऑक्सिमीटरमध्ये तब्बल आठ होत्या.

जे हा आकडा सांगत नाही

अचूक चिमटाही काही गोष्टी सांगू शकत नाही. कोंडलेल्या खोलीत लाकडाचा धूर झाला तर कार्बन मोनॉक्साइड वायू हीमोग्लोबिनला चिकटतो. त्याचा रंग लाल असतो आणि दोन रंगांचा चिमटा त्याला ऑक्सिजनच समजतो. माणूस गुदमरत असताना चिमटा ९८ दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. चिमटा टक्केवारी सांगतो, एकूण साठा नाही. १ ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन धरते. १०० मिलिलीटर रक्तात १४ ग्रॅम हीमोग्लोबिन असेल आणि चिमटा ९८ दाखवत असेल, तर १.३४ × १४ × ०.९८ म्हणजे १८.४ मिलिलीटर ऑक्सिजन मिळतो. हीमोग्लोबिन ७ ग्रॅम असेल तर ९.२ च. दोघांच्याही बोटावर मात्र ९८!

तिसरी गोष्ट पूर्व विदर्भाच्या जिव्हाळ्याची आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. सिकलसेलचे हीमोग्लोबिन प्रकाश जवळजवळ नेहमीच्या हीमोग्लोबिनसारखाच शोषते, पण ते ऑक्सिजन सैल धरते. म्हणून अशा रुग्णाचा बरा असतानाचा आकडाही इतरांपेक्षा कमी असू शकतो. शिवाय तांबड्या पेशी लवकर फुटत असल्याने शरीरात थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो आकडा वर ढकलतो. एकाच वेळी दोन विरुद्ध ओढी! यावर साधा उपाय म्हणजे रुग्ण बरा असतानाच त्याचा नेहमीचा आकडा कार्डावर लिहून ठेवणे. त्याचा ९२ हा नेहमीचाच आहे की ९६ वरून घसरलेला, हे त्याशिवाय कसे कळणार?

आकडा घेताना

नखावरचा रंग पुसा. हात गार असेल तर चोळून गरम करा. उन्हात आकडा घेऊ नका. हात टेकवून स्थिर ठेवा आणि आकडा ठरेपर्यंत, निदान अर्धा-एक मिनिट थांबा. दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी मोजा. चिमट्याने दाखवलेले ठोके आणि तुमची मोजणी जुळत नसेल तर त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. आकड्याबरोबर वेळ लिहा. एका आकड्यापेक्षा उतरत जाणारे तीन आकडे अधिक बोलतात. आणि माणसाला धाप लागली असेल, बोलताना दम तुटत असेल, जीभ किंवा ओठाची आतली बाजू निळसर दिसत असेल, तर चिमटा काहीही म्हणो, दवाखाना गाठा.

वर्गात करून पाहा

शाळेत ऑक्सिमीटर असेल तर एकाच विद्यार्थ्याच्या एकाच बोटावर दहा नोंदी घ्या. सरासरी काढा आणि सर्वांत मोठ्या व लहान नोंदीतला फरक पाहा. मग तोच हात दोन मिनिटे गार पाण्यात धरून पुन्हा दहा नोंदी घ्या. फरक वाढला का? (श्वास रोखून धरण्याचे प्रयोग मात्र मुळीच करू नका.) त्यानंतर पुढील प्रश्न सोडवा.

१. लाल प्रकाशाचा भागाकार ०.०१२ आणि अवरक्ताचा ०.०२ आहे. आपल्या सूत्राने टक्केवारी किती?

२. याच नोंदीत लाल प्रकाशाचा भागाकार चुकून ०.०१०४ मोजला गेला, तर चिमटा किती दाखवील?

३. एका मुलीच्या १०० मिलिलीटर रक्तात ८ ग्रॅम हीमोग्लोबिन आहे आणि चिमटा ९७ दाखवतो. ऑक्सिजन किती मिलिलीटर?

(उत्तरे: १. ९५. २. ९७. ३. सुमारे १०.४.)

दुसऱ्या उत्तराकडे पुन्हा पाहा. संवेदकावर प्रकाशाच्या एका हजारांश भागाच्या सुमारे दीडपट एवढीच चूक झाली आणि आकडा दोनाने वर गेला. ९५ चे ९७ झाले तर फारसे बिघडत नाही. पण ९१ चे ९३ झाले आणि घरच्यांनी सकाळपर्यंत थांबायचे ठरवले, तर या दोन अंकांची किंमत काय, हे तुम्हीच ठरवा.